कॉपी दाखवणारा मुलगा कोणत्या पायरीवर असतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगते, म्हणजे चुकत असेन तर तिथेच अडवता येईल. तुमचा मुलगा सातवीत, बारा वर्षांचा. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात त्याने मागच्या बाकावरच्या मित्राला उत्तरपत्रिका तिरकी धरून दाखवली. सरांनी पकडलं आणि दोघांनाही त्या पेपरात शून्य दिलं. घरी विचारलं तेव्हा तो रडला नाही, माफीही मागितली नाही. उलट म्हणाला, "तो माझा मित्र आहे. मी नाही म्हटलं असतं तर मी कसला मित्र?" तुमची धाकटी पहिलीत आहे. तिला नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दादाने जेवताना टीव्ही लावला, आजीने गोळी उशिरा घेतली, सगळ्या बातम्या तुमच्यापर्यंत पोचतात. मग तुम्ही कुठेतरी कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, बरं-वाईट ठरवण्याची समज कशी वाढत जाते हे सांगणारा सहा पायऱ्यांचा तक्ता वाचलात, आणि आता विचारताय की मुलगा खालच्या पायरीवर अडकलाय का, धाकटी त्याच्या पुढे गेलीय का, आणि त्याला वर कसं न्यायचं.

मी एकवीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं तिथेच समुपदेशनही पाहिलं. म्हणजे कॉपी, चुगली, मारामारी आणि "मी नाही बाई, त्याने सुरू केलं" यांतच हयात गेली. तेव्हा थोडक्यात उत्तर आधी देते: तुम्ही तक्ता उलटा धरलाय. खरा प्रश्न मुलगा कितव्या पायरीवर आहे हा नाहीच. पकडला गेल्यावर त्याने जे कारण दिलं, त्या कारणात किती माणसं मावली, हा आहे.

आता तक्त्याबद्दल. लॉरेन्स कोलबर्गने १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रबंध दिला. त्यासाठी त्याने दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या. मुलगेच, मुली नव्हत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. तो त्यांना पेच घालायचा. त्यातला प्रसिद्ध असा: युरोपातल्या हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कॅन्सरने मरायला टेकली आहे. तिच्यासाठीचं औषध गावातल्याच एका औषधवाल्याने शोधून काढलंय. ते बनवायला त्याला २०० डॉलर लागतात, मागतो २,०००. हाइन्झने हातापाया पडून १,००० जमवले. औषधवाला ऐकायला तयार नाही. हाइन्झने दुकान फोडून औषध चोरावं का?

चोरावं की चोरू नये, यात कोलबर्गला रस नव्हता. "चोरू नये, पोलीस धरतील" आणि "चोरावं, नाहीतर बायको मेली म्हणून त्यालाच धरतील" ही दोन्ही उत्तरं त्याच्या लेखी एकाच पायरीची, पहिल्या. त्याचं लक्ष असायचं 'का'वर. शिक्षेच्या भीतीने वागणं ही पहिली. तू मला दे, मी तुला देतो, हा हिशेब म्हणजे दुसरी. आपल्या माणसांच्या नजरेत आपण चांगले ठरावं, त्यांच्याशी इमान राखावं, ही तिसरी. प्रत्येकाने आपापल्यापुरतं असं ठरवलं तर समाज चालणार कसा, हा विचार चौथी. कायदा माणसांनीच एकमेकांच्या संमतीने केलाय, तो अन्यायाचा ठरला तर बदलावा लागेल, ही पाचवी. आणि सगळ्यांना लागू पडतील अशी तत्त्वं स्वतः पारखून पाळणं ही सहावी. सहावीची एक गंमत आहे. कोलबर्गच्या गटाने पुढे मोजणीची जी पद्धत पक्की केली, तिच्यातून सहावी पायरी काढूनच टाकली, कारण तिच्यावर उभी असलेली माणसं मुलाखतींत सापडेचनात. तेव्हा तक्त्यात ती दिसली तरी तिच्यासाठी मुलाला क्लास लावू नका.

आता याच मापाने तुमच्या घरात मोजू. मुलगा म्हणाला असता "पकडलो गेलो हेच चुकलं", तर पहिली. म्हणाला असता "त्याने मला इंग्रजीत दाखवलं होतं", तर दुसरी. आणि सांगते, सातवीत मी सर्वांत जास्त वेळा हेच उत्तर ऐकलंय. तो म्हणाला "मी कसला मित्र?" हे ऐकायला तिसऱ्या पायरीचं आहे. धाकटी मात्र बहुधा पहिल्या पायरीवरच आहे, आणि सहा वर्षांच्या मुलीने तिथेच असावं. तुम्हाला जी पुढे गेलेली वाटते ती मागे आहे, जो मागे राहिलेला वाटतो तो पुढे आहे.

लगेच हुरळून जाऊ नका. एका वाक्यावरून पायरी ठरत नाही. कोलबर्गचे लोक एकेकाला कितीतरी पेच घालून, खोदून खोदून विचारायचे. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला आपल्या बाबांपुढे कुठलं वाक्य शोभतं हे पुरेपूर कळतं. तो खरोखर मैत्रीचा विचार करत होता की 'मैत्री' हा शब्द ढाल म्हणून पुढे केला, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हालाही एका संध्याकाळीत कळणार नाही.

आणि पायरी काही माणसाचा मुक्कामाचा पत्ता नसते. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासताना चौथीवर असते, माझ्या भाचीच्या अॅडमिशनची गोष्ट निघाली की तिसरीवर येते, आणि आमच्या चौकात काय होतं ते तुम्हीही पाहिलंय: मामा दिसले की हेल्मेट डोक्यावर, चौक ओलांडला की गाडीच्या आरशावर. ती पहिली पायरी, आणि तिच्यावर उभी असलेली माणसं पंचेचाळीस-पन्नाशीची. तरी वयाप्रमाणे एकंदर कल पुढे सरकतो हे खरं आहे. कोलबर्गच्या त्या मुलग्यांपैकी ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या अंतराने गाठत वीस वर्षं मागोवा घेतला गेला आणि तो १९८३ मध्ये छापून आला. मध्ये एखादी पायरी वगळून कुणी उडी मारली नव्हती. चौथी पायरी नीट रुजली ती मोठेपणी. पाचवीवर पोचले ते मोजकेच. म्हणजे सातवीतला मुलगा दुसरीकडून तिसरीकडे निघालेला असेल, तर गाडी वेळेवर आहे.

पण या तक्त्याशी माझं एक जुनं भांडण आहे, ते सांगितल्याशिवाय तुमच्या मुलाबद्दल बोलताच येणार नाही.

समुपदेशन नवीन सुरू केलं होतं तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गावर ऑफ तासाला गेले आणि हा पेच फळ्यावर लिहिला. हाइन्झचा हणमंता केला, डॉलरचे रुपये केले. मुलगे लगेच दोन्ही बाजूंनी भांडायला लागले, मला हवं होतं तसंच. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्याने पतसंस्थेत विचारलं का?" शेजारची म्हणाली, "तिच्या माहेरचे कुठेयत?" मागून आवाज आला, "मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो बाई, आमच्या काकांनी केला होता." मी वैतागले. म्हटलं, तो रस्ता नाहीये, चोरायचं की नाही एवढंच सांगा. मुली गप्प बसल्या. संध्याकाळी वहीत मी शेरा लिहिला, 'मुली प्रश्न टाळतात.'

बऱ्याच वर्षांनी कॅरॉल गिलिगनचं काम वाचनात आलं. ती कोलबर्गबरोबर काम केलेली, आणि १९८२ मध्ये तिने नेमका हाच मुद्दा काढला. तिने अकरा वर्षांचा एक मुलगा आणि अकराच वर्षांची एक मुलगी, दोघांची उत्तरं शेजारी ठेवली. मुलगा जेक म्हणतो, चोरावं, कारण जीव पैशापेक्षा मोठा. अगदी गणित सोडवल्यासारखं. मुलगी एमी म्हणते, चोरू नये, पण बायको मरताही कामा नये. कर्ज काढावं, बोलून मार्ग काढावा. आणि तो तुरुंगात गेला आणि ही पुन्हा आजारी पडली, तर औषध आणणार कोण? कोलबर्गच्या मापात एमी खाली पडते. गिलिगनने विचारलं, माप नक्की कशाचं आहे? फक्त हक्क आणि नियम यांचंच ना? मग माणसांमधले धागे तुटू नयेत म्हणून जी धडपडते, ती कमी विचार करते असं कोण म्हणतं? मी जुनी वही शोधून काढली. शेरा खोडला नाही. खाली तारीख घालून लिहिलं, 'टाळत नव्हत्या.' (पुढच्या तपासण्यांत मुलगे आणि मुली यांच्या गुणांत गिलिगनला वाटला तेवढा फरक दिसला नाही. तेव्हा 'बायकांची नीती वेगळी' अशी पाटी लावू नका. मुद्दा मापाचा आहे.)

तुमच्या मुलाला लागू पडणारी गोष्ट तर आणखी जवळची आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सोफ यांनी १९९२ मध्ये म्हैसूरची माणसं आणि अमेरिकेतल्या न्यू हेवनची माणसं यांना सारखेच पेच घातले. एक असा: प्रवासात एकाचं पाकीट मारलं गेलंय. त्याला जिवलग मित्राच्या लग्नाला वेळेवर पोचायचंय, लग्नाच्या अंगठ्या त्याच्याजवळ आहेत. समोर कुणाचा तरी कोट पडलाय आणि खिशात रेल्वेचं तिकीट आहे. घ्यावं का? न्यू हेवनच्या बहुसंख्यांनी सांगितलं, चोरी ती चोरी. म्हैसूरच्या बहुसंख्यांनी सांगितलं, मित्राच्या लग्नाचं काम आधी. आणि ते काम त्यांच्या लेखी मर्जीचा मामला नव्हता, कर्तव्य होतं. आपल्याकडे 'शब्दाला जागणं', 'मिठाला जागणं' हे शब्द उगाच नाहीत. त्यामुळे "मी कसला मित्र?" हे वाक्य मी तरी खालच्या पायरीत टाकणार नाही. त्याला इमान कळतं. ती पुंजी आहे, ती मोडून काही नवं उभारायला जाऊ नका.

उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच्या चित्रात दोनच माणसं आहेत: तो आणि मित्र. ज्या मुलीने रोज पहाटे उठून गणितं सोडवली ती त्या चित्रात नाही. ज्या सरांनी वर्गावर भरवसा टाकला ते नाहीत. आणि ज्याला अपूर्णांक येत नाहीत हे आता वार्षिकपर्यंत कुणालाच कळणार नाही असा खुद्द त्याचा मित्रसुद्धा नीटसा नाही. तिसरा माणूस त्याच्या चित्रात आणायचा, एवढंच तुमचं काम.

ते कसं, याच्या आधी धाकटीचं आटपते, कारण तिथे मजा आहे.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये छापलेल्या कामासाठी जिनिव्हा आणि नशातेलच्या पोरांशी गोट्यांवरून गप्पा मारल्या, त्यांच्यात बसून खेळला. हे नियम कुणी केले? बदलता येतील का? लहान मुलं सांगायची, मोठ्या माणसांनी केले, बदलायचे नाहीत. गंमत म्हणजे तीच मुलं खेळताना प्रत्येकजण आपल्याच नियमाने खेळत असायची आणि शेवटी सगळेच जिंकायचे. दहा-अकराची मुलं सांगायची, सगळ्यांचं ठरलं तर बदलू. आमच्या मैदानावर हे रोज दिसतं. पाचवीची पोरं लगोरी खेळत असतात, कुणाचा तरी धाकटा भाऊ मध्ये येतो, आणि एकजण सहज जाहीर करतो, "हा कच्चं लिंबू." म्हणजे तो आऊट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. कुणी शिकवलेलं नसतं. नियम कशासाठी आहे हे ज्याला कळलंय, तोच तो धाकट्यासाठी वाकवतो. तुमची धाकटी तिथे असती तर ओरडली असती, "पण तो आऊट होता!" तिचं बरोबर आहे. तिच्या वयाला नियम हा घराच्या भिंतीसारखा असतो, हलला की भीती वाटते. चुगली ही बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, भिंत अजून जागेवर आहे ना याची ती खात्री करत असते.

एक छोटा खेळ घरी करून बघा. तिला दोन गोष्टी सांगा. एक मुलगी आईला ताटं घ्यायला मदत करत होती, धक्का लागला आणि पाच वाट्या फुटल्या. दुसरी चोरून लाडू काढत होती, एक वाटी फुटली. जास्त वाईट कुणी केलं? ती बहुधा म्हणेल, पाच वाट्या फोडणाऱ्या मुलीने. पियाजेने कपांवरून हेच विचारलं होतं, पंधरा कप विरुद्ध एक. दादालाही विचारा, पण तिच्यादेखत नको. तो हसेल आणि "दुसरीने" म्हणेल.

तरी तिला निव्वळ भित्री समजू नका. पहिलीतल्या एका मुलीशी माझं बोलणं झालं होतं. विचारलं, "बाईंनी सांगितलं उद्यापासून युनिफॉर्म नको, तर चालेल?" म्हणाली, "हो, मी फ्रॉक घालीन." "आणि बाईंनी सांगितलं, शेजारच्याला मारलं तरी चालेल, तर?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "नाही! त्याला लागतं ना." इलियट ट्युरिएल आणि त्याच्यानंतरच्यांनी हे व्यवस्थित तपासलं: चार-पाच वर्षांची मुलंही ठरवून घेतलेले नियम आणि कुणाला तरी इजा होणारी गोष्ट, या दोन्हींत फरक करतात. पियाजे आणि कोलबर्गला लहान मुलांमधलं हे नीट दिसलं नव्हतं. अर्थात काय 'ठरवून घेतलेलं' आणि काय नाही, हे घरोघर वेगळं. रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांना कितीतरी वागणुकींबद्दल विचारलं, तर त्यांनी अत्यंत गंभीर मानली ती गोष्ट अशी: वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापून घेतले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोच्या पोराला यात काय झालं तेच कळणार नाही. तुमच्या घरातल्या आजीला विचारा, ती सरळ भुवनेश्वरच्या बाजूने बोलेल.

आता मुलाकडे येऊ. यापुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या तुम्हीच तपासायच्या. पहिली: हे मैत्रीने झालं की दबावाने? "दाखवलं नाहीस तर बाहेर बघतो" असं असेल, तर हा नीतीचा प्रश्न नाही, दादागिरीचा आहे, आणि त्याला उपदेशाची नाही, पाठराखणीची गरज आहे. दुसरी: त्या मित्राला अभ्यास येत नाही की लिहिताच येत नाही? माझ्याकडे कॉपीसाठी आलेल्या मुलांपैकी काही जण पुढे अध्ययन अक्षमतेचे निघाले. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत त्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. तुमचा मुलगा ज्याला 'मदत' म्हणतो, तिची खरी जागा तिथे असू शकते. तिसरी: तुमचा मुलगा एरवी कसा आहे? कुणाला लागलं तर थांबतो का? मुक्या जनावराला त्रास देतो का? पैसे उचलतो का, आणि उचलल्यावर काहीच वाटत नाही का? तिथे शंका असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नुसत्या एका तिरक्या उत्तरपत्रिकेसाठी मात्र कुणाकडे नेऊ नका.

घटनेच्या दिवशी काही शिकवायचं नसतं. ज्या वडिलांनी त्याच रात्री तासभर बौद्धिक घेतलं, त्यांच्या मुलाने माझ्यासमोर बसून त्यातलं काय आठवतं ते सांगितलं: "बाबा चष्मा काढून बोलत होते." बस, एवढंच.

चार दिवस जाऊ द्या. मग कुठेतरी दोघं जात असताना, गाडीवर किंवा भाजी घ्यायला, विचारा. "का केलंस?" असं विचारू नका, त्याला वकिली उत्तरं येतात. असा प्रश्न विचारा की त्याच्या चित्रात एक माणूस वाढेल. "समजा तुला या पेपरात ७१ मिळाले, रात्री जागून. आणि तुझ्यामागच्याने दुसऱ्याचं बघून ७४ काढले. तुला काय वाटेल?" मग गप्प बसा. मी शाळेत टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट यासाठीच वापरायची. त्यातली आख्यायिका किती आणि खरं किती, तो भाग सोडा. विचारायची, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, टरफलं उचलणार नाही, हे बरोबर का?" तिसरीच्या वर्गातली मुलं म्हणायची, बरोबर, कारण ते टिळक होते. सहावीच्या वर्गातले म्हणायचे, ज्याने खाल्ल्या त्याने उचलावीत. आणि खाल्ल्या कुणी हे सांगायला हवं होतं का, यावर त्यांच्यात मारामारी व्हायची. एका वर्षी आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण शेवटी उचलली कुणी? शिपाईकाकांनी ना?" अख्खा वर्ग गप्प झाला. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या चाळीस पोरांच्या आणि माझ्याही डोक्यात शिपाईकाका कधी आलेच नव्हते. मी तासभर बोलून जे झालं नसतं ते वर्गातल्या मुलीच्या एका प्रश्नाने झालं. कोलबर्गचा विद्यार्थी मोशे ब्लॅट याने वर्गात पेचांवर चर्चा घडवून हेच पाहिलं होतं: मुलं सरकतात ती बरोबरीच्यांशी वाद घालताना, आणि जो युक्तिवाद त्यांच्यापेक्षा एकच पायरी वर असतो तो त्यांना पटतो. त्याच्या वरचा कानाला लागतो आणि निघून जातो. तुम्ही थेट सत्य, राष्ट्र आणि चारित्र्य यांवर गेलात तर तो तीन पायऱ्या खाली उभा राहून "हो बाबा" म्हणेल.

त्याचा मित्र घरी येतो का? दोघांसमोरही हा विषय काढा. पण मित्राला खलनायक करू नका. "असल्या पोरांची संगत सोड" हे वाक्य उच्चारलंत की त्याच्याजवळचं इमान तुमच्याविरुद्ध कामाला लागेल.

शून्याचं काय? शाळेत भांडायला जाऊ नका आणि घरी दुसरी शिक्षाही देऊ नका. एकदा झाली ती पुरे. मात्र एक गोष्ट त्याच्याकडून करून घ्या. मित्र वार्षिकला पुन्हा मागेल, तेव्हा काय म्हणशील? मुलांना तत्त्व माहीत असतं, ऐन वेळी तोंडात वाक्य नसतं. ते आधीच तयार करा, मोठ्याने म्हणायला लावा. आमच्या एका विद्यार्थ्याने केलेलं वाक्य मला आजही आवडतं: "पेपरात नाही दाखवणार, रविवारी घरी ये, समजावतो. आई पोहे करते." मैत्रीही राहिली, पेपरही राहिला.

आणि त्याला चोर, खोटारडा, लबाड यांतलं काही म्हणू नका. कारण भावनिक नाही. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ च्या सुमारास अमेरिकेत दहा हजारांहून जास्त मुलांना फसवायच्या संधी देऊन पाहिलं, परीक्षेत, खेळात, घरी. 'प्रामाणिक मुलं' आणि 'लबाड मुलं' असे दोन स्वच्छ ढीग पडलेच नाहीत. एका जागी फसवणारं मूल दुसऱ्या जागी सरळ वागत होतं. सोय, धाक आणि शेजारचे काय करतात यांवर बरंच ठरत होतं. म्हणजे त्या सरांना मागच्या बाकांमध्ये थोडं अंतर ठेवायला सुचवणं हासुद्धा नीतिशिक्षणाचाच भाग आहे, हसू नका.

आता जरा अवघड जागी हात घालते. एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. तुमचा मुलगा बारा पूर्ण झालाय का, हे मी विचारत नाही. पण माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांनी मला सांगितलंय, "बाई, आईनेच सांगितलं कंडक्टरला अकरा सांग म्हणून." हे सांगताना त्यांना राग नसतो, ती फक्त नोंद असते. आपण घरी चौथ्या पायरीवरून बोलतो आणि स्टँडवर दुसरीवर उतरतो, हे ती बघत असतात. पूर्ण तिकीट काढा आणि काही बोलू नका. बोललात तर पुन्हा बौद्धिकच.

तीनेक वर्षांनी आणखी एक प्रकार होईल, तो आत्ताच सांगून ठेवते. पंधरा-सोळाचा झाला की एक दिवस म्हणेल, "चांगलं-वाईट असं काही नसतं बाबा, ज्याचं त्याचं असतं." तुम्हाला वाटेल सगळं पाण्यात गेलं. कोलबर्गलाही कॉलेजच्या काही मुलांबाबत वाटलं होतं की ही मागे घसरली. नंतर त्याने त्या अवस्थेला साडेचार असं नाव दिलं, चार आणि पाचच्या मधली. जुना आधार सोडलाय, नवा सापडायचाय. तेव्हा वाद घाला, कारणं मागा, पण दार आपटू नका.

धाकटी आज संध्याकाळी बातमी घेऊन आली, तर एकच विचारा: "कुणाला लागलं का, किंवा लागेल का?" हो म्हणाली तर उठून जा आणि तिला शाबासकी द्या, कारण असं सांगणं तिला मोठेपणीही करायचंय. नाही म्हणाली तर "बरं" म्हणा आणि परत खेळायला पाठवा. पहिले काही दिवस ती दारात उभी राहून विचार करेल. राहू द्या उभी.

आणि वाट्यांच्या गोष्टीला दोघांनी काय उत्तरं दिली ते मला नक्की कळवा.